आईचे पाच फिंजान

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका मुलीने विचारलं, "मैत्रिणीबरोबर मस्कतला जातेय, काही सूचना?" दोन मिनिटांत एका काकांचं उत्तर हजर: "आखातात बायकांनी एकट्याने जायचं नसतं बेटा." या काकांनी ओमान नकाशात तरी पाहिला असेल तर शपथ! धाकटा चिरंजीव दुबईत आहे यांचा. त्याच्या पैशांतून गच्चीवर शेड आली, तेव्हा आखात बरं चाललं.

मी आणि आई गेलो होतो नोव्हेंबरात. दोघीच, आई 68 वर्षांची, भाड्याची साधी गाडी. जबल अख्दरच्या पायथ्याशी, बिरकत अल मौझला पोलिसांनी अडवलं. फोर बाय फोर नाही, वर सोडणार नाही. मी हुज्जत घातली (सवय!). तो ढिम्म. आईचं तोंड उतरलेलं दिसलं तेव्हा मात्र त्या पोलिसानेच थर्मास काढला, खजूर पुढे केले आणि फिंजानात, म्हणजे बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात, कहवा (अरबी कॉफी) ओतला. वेलदोड्याचा घमघमाट. आईने संपवला, त्याने भरला. संपवला, भरला. पाच वेळा! पुरे असेल तर पेला हलवायचा असतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? आईचं आपलं, पाहुण्याने नको म्हणू नये. शेवटी त्यानेच हसत रिकामा फिंजान हलवून दाखवला.

आपल्या घाटात कुणी कधी "या गाडीने जाऊ नका" म्हणून परत पाठवलंय तुम्हाला? चिरीमिरी द्या नि मरायला मोकळे.

हो, माहितीये. जुलै 2024 मध्ये मस्कतच्या वादी कबीर भागात मशिदीपाशी गोळीबार झाला. त्याच वर्षी एप्रिलच्या पुरात शाळकरी पोरं गेली. आभाळ भरलं की वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, उतरायचं नाही म्हणजे नाही. खांदे-गुडघे झाका, तेही कबूल.

पण लिहिता लिहिता मस्कतच्या रुवी भागातला तो पोरगा आठवला आणि रागच उतरला. हॉटेलात वाढणारा, रत्नागिरीकडचा. आमचं मराठी ऐकून ताट हातात घेऊन तसाच थबकला. "आजी, तिकडं भात झोडून झालं का?" तीन वर्षं घरी गेला नव्हता. पासपोर्ट शेठकडे. कायद्याने ठेवता येत नाही, तरी ठेवतात. आई निझवाच्या किल्ल्याचं सांगायला लागली, तर म्हणाला, "मी मुत्राह पाहिलंय, बसमधनं." मुत्राह म्हणजे मस्कतचंच जुनं बंदर. पाच फिंजान पिणाऱ्या आईला त्याच्यापुढे काय बोलावं सुचेना.

काका, काळजी वाहायचीच तर याची वाहा. त्याच्यावर फॉरवर्ड येत नाहीत ना.

आणि मुली, तू जा. चौकीवर अडवलं तर हुज्जत घालू नकोस. पुरे झालं की फिंजान हलव. किंवा राहू दे, दोन-तीन होईपर्यंत नकोच हलवूस.