माझ्या गाडीवरचे पाटील

दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड स्विफ्ट घेतली. भावानं बॉनेट उघडून इंजिन बघितलं, टायरची नक्षी बोटानं चाचपली, खाली वाकून पत्रा गंजलाय का तेही बघितलं. मागची काच मात्र कुणी नीट बघितली नाही. घरी पूजा करताना सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन मागच्या बाजूला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, हे पाटील कोण?"

काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आतल्या बाजूनं चिकटवलेलं, भगव्या रेडियममध्ये 'पाटील'. 'टी'ची वेलांटी लांबवून तिची तलवार केलेली. डाव्या कोपऱ्यात राजमुद्रा. उजव्या कोपऱ्यात आदल्या मालकाच्या पोरांची नावं, 'आदित्य-अनुष्का'.

आम्ही पाटील नव्हे. आमच्या सात पिढ्यांत पाटीलकी सोडाच, कुणी सोसायटीचा चेअरमनसुद्धा झालेलं नाही. तेव्हा हे काढायचं हे त्याच दिवशी ठरलं. काढायला अकरा महिने लागले. का लागले, ते सांगायला ही पोस्ट.

पहिल्याच रविवारी कोल्हापुरात महाद्वार रोडला गेले होते. ज्यांनी तिथं गाडी लावायचा प्रयत्न केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एका बोळाच्या तोंडाशी रिव्हर्स घेत होते, मागं एकाची मोटरसायकल आडवी. एरवी अशा वेळी खाली उतरून "दादा, जरा घेता का" म्हणावं लागतं, आणि दादा आधी चहा संपवतात. हा गडी स्वतःहून उठला, गाडी बाजूला घेतली आणि काचेकडं बघत हात हलवायला लागला, "घ्या पाटील, घ्या, अजून घ्या." शेजारी येऊन बघतो तर स्टिअरिंगवर मी. "मॅडम हाय होय," म्हणाला. थोडा पडलाच त्याचा चेहरा.

याआधी मी नऊ वर्षं ऑल्टो चालवली. मागच्या काचेवर काहीही नाही, धूळ सोडून. हायवेला मागून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा, हॉर्नवर हात ठेवून बसायचा. ड्रायव्हिंग माझं तेच, स्पीड तोच, गाडी आली तीही काही नवीकोरी नव्हे. पण 'पाटील' मागं बसल्यापासून हॉर्न कमी झाले. हे मोजलेलं नाही, पण बाईमाणूस रोज पन्नास किलोमीटर गाडी चालवत असेल तर तिला हे मोजायला लागत नाही, कानाला कळतं.

आणि मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. "बघू, सुट्टीत काढू" म्हणत मी ते तसंच ठेवलं.

मग सुरू झालं "कुठले पाटील?" पेट्रोल पंपावर, टायरमध्ये हवा भरताना, जोतिबाच्या डोंगरावर पार्किंगला. आपल्या भागात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, मुसलमानांत आहेत, कोकणात आगरी-कोळ्यांतही आहेत. कारण मुळात ते आडनाव नाही, हुद्दा आहे. गावचा सारा गोळा करणारा माणूस. महसुली पाटलाचं हे वंशपरंपरेचं पद सरकारनं १९६२ च्या कायद्यानं रद्द केलं, आता उरलाय तो फक्त नेमलेला पोलीस पाटील. पद जाऊन साठ वर्षं उलटली आणि हुद्दा स्विफ्टच्या काचेवर तलवारीसकट शाबूत. आणि नुसत्या 'पाटील'नं समोरच्याचं समाधान होत नाही, त्याला गाव हवं असतं. गाव कळलं की बाकीचं त्याचं तो लावून घेतो. मी सुरुवातीला "आम्ही नाही, आधीच्या मालकांचं आहे" असं सांगायचे. समोरच्याचा आवाज लगेच अर्ध्या पट्टीनं खाली यायचा. नंतर नंतर मी "कागलकडचे" म्हणून मोकळी व्हायला लागले. गाडी खरंच कागलकडची होती. अर्धसत्य.

एकदा तर सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, "अनुष्का कितवीला?" मी चटकन "आठवीला" म्हणून गेले. मला एकच मुलगा, त्याचं नाव वेगळं, आणि तो तेव्हा पाचवीला होता.

तेव्हापासून गाड्यांच्या पाठी वाचायचं वेडच लागलंय मला. आणि एक लक्षात आलं: मजकूर काय आहे त्यापेक्षा तो कुणासाठी लिहिलाय हे बघायचं. 'आई-वडिलांची कृपा' हे घरच्यांसाठी. काळी बाहुली आणि लिंबू-मिरची शेजाऱ्यासाठी, त्याच्या डोळ्यांत गाडी आलीय हे गृहीत धरून. वकिलांचा पांढरा बँड, 'प्रेस', 'पोलीस' हे चौकातल्या हवालदारासाठी. डॉक्टरांचा लाल क्रॉसही त्यातलाच. तो खरं तर रेडक्रॉसचा, युद्धातल्या वैद्यकीय सेवेचा, आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार तो असा कुणीही वापरायचा नसतो. पण दवाखान्यापेक्षा तो नो-पार्किंगमध्ये जास्त उपयोगी पडतो. स्वामींचं 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे मला फार गोड वाटतं, कारण ते वाचणारा माणूस नेमका त्या गाडीच्या पाठीशी असतो, आणि भिऊनच असतो. 'बँकेची कृपा' लिहिणाऱ्या टेम्पोवाल्यासारखा सरळ माणूस दुसरा नाही. 'हॉर्न ओके प्लीज'वर आपल्या सरकारनं २०१५ मध्येच बंदी घातली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. ट्रकवाल्यांनी ते पुसलं की नाही ते रस्त्यावर जाऊन बघा.

कोल्हापूरची आणखी वेगळी तऱ्हा. इथं पोरांच्या मोटरसायकलवर तालमीचं नाव असतं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. ते वाचलं की पोरगं कुठल्या पेठेतलं आणि फुटबॉलच्या मॅचला कुठल्या बाजूला बसून ओरडणार ते कळतं. आणि २०१९ च्या लोकसभेच्या प्रचारातलं 'आमचं ठरलंय' आठवत असेल. आमच्या बोळात एका रिक्षावर ते अजून आहे, ऊन-पावसानं झिजून आता नुसतं 'आमचं ठर' राहिलंय.

नंबरप्लेटवरचे दादा मात्र गेले बघा. इंग्रजी चारचा द, एकचा काना, झाला 'दादा'. दोन-एक-चारचा 'राम'. त्यासाठी लोक आरटीओत पैसे भरून नंबर घ्यायचे आणि पेंटरकडून आकडे वाकवून घ्यायचे. हायसिक्युरिटी प्लेट आल्या, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही त्या बसवायला लागल्या, आकड्यांचा ठसा कारखान्यातच उठायला लागला आणि दादांचा परत चार-एक-चार-एक झाला. पैसे भरून नंबर घेणारे अजून घेतातच. ०००१ ची चारचाकीची फी २०२४ मध्ये तीन लाखांवरून पाच लाख झाली तरी.

म्हणजे जिथं नियम कडक झाला तिथून माणूस उठला आणि मागच्या काचेवर येऊन बसला. काचेवर काय लिहावं याला आपल्याकडे विचारणारं कुणी नाही. उत्तर प्रदेशात विचारलं गेलं. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या परिवहन खात्यानं गाड्यांवर जात लिहिणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, आणि गंमत म्हणजे त्यामागची तक्रार आपल्या कल्याणच्या एका शिक्षकाची होती. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं जातीच्या मिरवणुकीवर ताशेरे ओढले आणि तिथल्या सरकारनं गाड्यांवरची जात काढायचा आदेश काढला. पण तिकडे लोक उघड उघड जातीचं नाव लिहितात, म्हणून आदेशात सापडतात. आपण आडनाव लिहितो. आडनावाला कोण काय म्हणणार? "माझं नाव आहे, लिहिलं" म्हणायचं. तलवार फक्त डिझाइन.

आता ज्या गोष्टीमुळे ते काढलं, ती.

मी आणि माझी एक सहकारी, दोघी एकाच शाळेवर. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा तिची. तिच्या गाडीवर मागं, पुढं, नंबरप्लेटच्या चौकटीवर, कुठंही काही नाही. मी हे इतकी वर्षं बघितलेलं, पण कधी विचार केला नव्हता. एकदा संध्याकाळी परतताना ऊन तोंडावर आलं म्हणून मी माझ्या बाजूचं सनवायझर खाली ओढलं. त्याच्या आतल्या बाजूला, आरशाखाली, बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि निळ्या अक्षरात 'जय भीम'. माझ्या बोटाएवढं.

मी म्हटलं, "इथं गं का? मागं लाव की."

ती गाडी चालवत होती, रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली, "मागं होतं. ह्यांच्या मोटरसायकलवर. कुणीतरी किल्लीनं ओरखडलं. परत लावलं, परत ओरखडलं. गाडीला बाकी कुठं चरा नाही, नेमकं तेवढंच." मग जरा थांबून, "वायझर बरं पडतं. मला दिसतं की."

पुढच्या सोमवारी माझा आठवडा. ती नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणजे गेले कित्येक महिने ही माझ्याबरोबर त्या तलवारीच्या गाडीतून येतेय, आणि एक अक्षर बोललेली नाही. मी महाद्वार रोडचा किस्सा सगळ्यांना हसत सांगितला होता. तिलाही. ती हसली होती.

त्याच संध्याकाळी घरी ब्लेड घेऊन बसले. रागानं केलेलं काम, 'पा'पासून सुरुवात केली. रेडियम निघालं ते चिंधी चिंधी होऊन, आणि खालची एक तांबूस रेघही त्याबरोबर उचकटली. ती काच गरम करायची तार असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नवऱ्यानं हातातलं ब्लेड काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात एका रेडियमवाल्याकडं गेले. (नावाला रेडियम, ती नुसती चमकणारी प्लॅस्टिकची पट्टी असते.) त्यानं 'पा'ची झालेली अवस्था बघून च्यक् केलं. "काढताय कशाला मॅडम? चांगलं दिसतंय की. लोक मुद्दाम लावून घेतात. तुमचं आडनाव घालू का त्याच डिझाइनमध्ये?" मी नको म्हटल्यावर त्यानं हीटगन लावली, कोपरा नखानं उचलला आणि 'टील' अख्खं, केळीची साल सोलावी तसं सोलून काढलं. आदित्य-अनुष्कासुद्धा पाच मिनिटांत गेले. राजमुद्रेपाशी येऊन हीटगन बंद केली.

"ही राहू दे."

"का?"

"महाराजांचं मी काढत न्हाई."

मी हट्ट धरला नाही. पण इतके दिवस गाडीवर वागवलेली ती अष्टकोनी मुद्रा जवळून वाचली ती तेव्हाच, काचेला नाक लावून. अक्षरं इतकी बारीक की मागच्या गाडीतून कुणाच्या बापाला दिसायची नाहीत. प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता. शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते. शहाजीचा मुलगा शिवाजी, त्याची ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते. आडनाव नाही. बापाचं नाव, आपलं नाव आणि मुद्रा कशासाठी ते. मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "मशीनमध्ये फाइल हाय, आम्ही दिवसाला धा काढतो. वाचायला कुठं टाइम?" मग पोऱ्याला हाक मारून कडेनं अलगद गरम करून त्यानं ती न फाडता उचलली आणि दुकानाच्या शटरच्या आतल्या बाजूला लावली. तिथं आधीच सात-आठ मुद्रा होत्या, दोन स्वामी आणि एक रागावलेला हनुमान. सगळे विकलेल्या गाड्यांवरून उतरलेले.

त्या दिवसापासून मागची काच कोरी. हॉर्न परत वाढलेत. वॉचमन अजून "पाटील मॅडम" म्हणूनच गेट उघडतो, त्याला सांगून मी थकले.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. शाळेतून आम्ही चौघी निघालो, सहकारी मागं बसलेली. काचांवर वाफ धरली आणि आरशात बघते तर मागच्या काचेवर 'पाटील', आरशात अगदी सुलटे, तलवारीसकट. चिकटीचा अंश काचेत राहतो म्हणे, वाफ धरली की उमटतो.

मागून ती म्हणाली, "हायत की गं अजून." आणि हसायलाच लागली. "डिफॉगर लाव, डिफॉगर."

लावला. एकेक रेघ तापत गेली तशी वाफ पट्ट्यापट्ट्यांनी उडाली, 'ल' गेला, तलवार गेली. जिथं मी ब्लेडनं तार तोडली होती तिथली पट्टी काही तापेना. शहरात शिरेपर्यंत अर्धा 'पा' तसाच होता.