बरणी, नळाचं पाणी, पावाचा चुरा: बेडूकमाशांच्या मेसेजमध्ये काय चुकलंय

मुलांसाठी ‘सोपा निसर्गप्रकल्प’ म्हणून एक मेसेज फिरतो: बरणीत नळाचं पाणी भरा, पंचवीसेक टॅडपोल (बेडूकमासे, म्हणजे बेडकाची पिल्लं) सोडा, रोज पाव चुरून घाला, पाणी रोज पूर्ण बदला, महिन्याभरात बेडूक तयार, मग जवळच्या कुठल्याही तळ्यात सोडा. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी पिल्लांच्या जिवावर उठणारी आहे.

‘नळाचं पाणी चालतं.’ क्लोरीन कल्ल्यांना जाळतो. उघड्या भांड्यात पाणी २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो असा जात नाही, त्याला मत्स्यालयासाठी मिळणारं क्लोरीननाशक लागतं. पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी सगळ्यात बरं.

‘बरणीत पंचवीस.’ बरणीचं तोंड अरुंद, त्यामुळे हवा पाण्यात कमी मिसळते, आणि विष्ठेतून अमोनिया साचत जातो. पसरट टब घ्या, दर पिल्लामागे किमान एक लिटर पाणी धरा. पाच-सहा पिल्लं पुष्कळ झाली. टब उजेडात असावा, पण थेट उन्हात नको. थोडं पाणी भराभर तापतं.

‘पाणी रोज पूर्ण बदला.’ एकदम बदललेल्या पाण्याचं तापमान वेगळं पडतं, शिवाय अमोनिया पचवणारे जिवाणू आणि पिल्लं खरवडून खातात ते शेवाळही जातं. दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा काढून तेवढंच मुरवलेलं पाणी घाला. मधेच पाणी गढूळलं किंवा वास आला, तर लगेच बदला.

‘पाव खायला घाला.’ पाव फुगतो, सडतो, पाणी नासवतो. लेट्यूसची पानं दहा मिनिटं उकळून, गार करून, बारीक चिरून चिमूटभर द्या. काही तासांत उरेल ते काढा. मागचे पाय फुटल्यावर प्रथिनं लागतात, तेव्हा माशांच्या खाद्याचा किंचित चुरा द्या. उपाशी आणि दाटीत राहिलेली पिल्लं एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात.

‘महिन्याभरात बेडूक.’ हे जातीवर आणि तापमानावर ठरतं. काहींना काही आठवडे पुरतात. अमेरिकन बुलफ्रॉगला थंड प्रदेशात दोन वर्षंही लागतात. सूत्रं थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीच्या हाती असतात: १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच, इवलेसे असतानाच बेडूक होऊ लागले. घाई करून मिळतं ते एवढंच!

खरा घोळ मेसेजमध्ये जे नाही त्यात आहे. पुढचे पाय बाहेर आले की पिल्लू कल्ल्यांवरून फुप्फुसांवर येतं. सरळ भिंतींच्या बरणीत त्याला वर चढायला जागा नसते आणि बेडूक होता होता ते बुडून मरतं. म्हणून मागचे पाय दिसताच पाणी कमी करा, टब तिरका करा किंवा उताराचा दगड ठेवा, आणि वर जाळी बांधा. पुढचे पाय आल्यावरच्या दिवसांत पिल्लू खात नाही: तोंड नि आतडी नव्याने घडत असतात आणि शेपटी गळत नाही, शरीरातच जिरते. भूक नाही म्हणून आजारी समजून खाणं ओतू नका.

‘कुठल्याही तळ्यात सोडा.’ नाही. कायट्रिड ही बेडकांना मारणारी बुरशी टॅडपोलच्या तोंडाच्या कठीण भागांवरही राहते आणि त्यांच्यासोबत नव्या तळ्यात पोचते. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या या बुरशीने जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत. जिथून आणले तिथेच, शेपटी जवळपास जिरल्यावर, काठच्या ओल्या गवतात संध्याकाळी सोडा. मुळात आणण्याआधी तुमच्याकडचा वन्यजीव कायदा पाहा, बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. टबातलं पाणी तळ्यांपासून दूर कोरड्या मातीत ओता, जाळी-भांडी उन्हात खडखडीत वाळवा, आणि मुलांचे हात साबणाने धुवून घ्या.