बँकॉक म्हटलं की हसायचं का जेवायचं?

रिंग रोडच्या टपरीवर काल रात्री पप्याने फक्त बँकॉक एवढा शब्द काढला अन सगळे फिदीफिदी हसायला लागले. आपल्या जळगावात हे असंच, बँकॉकला जाणारा माणूस घरी खोटं बोलूनच जाणार. मी जाऊन आलोय (बायकोला घेऊन, हे आधीच सांगतो) म्हणून राहवलं नाही, म्हटलं अरे भो, रात्री नऊला याओवारातला म्हणजे तिथल्या चायनाटाऊनला जा, मेट्रोने वाट मांगकोन स्टेशनला उतर, फुटपाथवर टेबलं, कढया पेटलेल्या, म्हाताऱ्या-पोरं सगळे जेवताय, नाईटलाईफ म्हणजे हे.

शेठ म्हणे आमच्यासारख्याने काय खायचं, आमच्यात कांदा-लसूण पण चालत नाही. त्याला सांगितलं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं असतं ते शोधायचं, तिथे मांस-मासे नाही, अंडं-दूध नाही अन कांदा-लसूण पण नाही. शेठ गार पडला. मग म्हणे, दूध नाही म्हणजे चहा गेला ना!

सोम तमची फजिती मात्र माझी. कच्ची पपई, मिरची, लसूण, शेंगदाणे खलात कुटून देतात, आपण ठेच्यावर वाढलेले म्हणून मी ऐटीत म्हटलं तिखट कर, अन मग डोळ्यातून नुसत्या धारा. त्यात माशांचा सॉस असतो, तो नको असेल तर कुटायच्या आधीच सांगायचं, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही.

मास्तर इतका वेळ गप्प. मग म्हणे, बँकॉकच्या वाट फो देवळातला झोपलेला बुद्ध 46 मीटर लांब, मान्य, पण आपल्या अजिंठ्यात 26 नंबरच्या लेण्यात सातेक मीटरचा आहे, अख्खा डोंगरातच कोरलेला, तो किती जणांनी बघितला? सहा जणांत एकाने, तेही शाळेच्या सहलीत, अन त्याला फक्त माकडं आठवतात. इथे मास्तर जिंकले. पण त्यांनी पुढे तिकडे कसलं आलंय कल्चर म्हटल्यावर मी तिथल्या राजवाड्यातल्या वाट फ्रा केव देवळाचं काढलं, ओसरीच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, 178 चित्रं, अन त्यांच्या रामायणातला हनुमान ब्रह्मचारी नाही, त्याची लफडी आहेत.

झालं, शेठ उठूनच उभा राहिला, दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारा माणूस तो. पप्या तिकडे मोबाईलवर विमानाचं तिकीट बघत होता, मधेच मान वर करून विचारतो, राजवाड्यात हाफ पँटवर सोडतात का?

नाही सोडत.