दोन स्टारचा रिव्ह्यू आणि ती ‘आत काहीच नसलेली टोपणं’

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा डोकं तापलं म्हणून मुद्दाम लगेच उत्तर टाकलं नाही, आता दोन दिवसांनी शांतपणे लिहितोय. बाकी जे वाचतायत त्यांना थोडक्यात सांगतो, सरांनी आमच्याकडून त्यांच्या छोट्या बोटीसाठी प्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारा पडदा), पाण्याची खोली मोजायचा ट्रान्सड्यूसर, व्हीएचएफ रेडिओ (बोटींनी आपसात बोलायचा) आणि एआयएस (आपली बोट कुठे आहे ते आसपासच्या बोटींना कळवणारं यंत्र) घेतलं आणि दोन दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये बसून ते जोडायला शिकले. त्यांचं म्हणणं असं की सामान आम्ही विकलं पण काम त्यांच्याकडूनच करून घेतलं, वर ‘आत काहीच नसलेली दोन टोपणं’ गळ्यात मारली, आणि बोटीवर सगळं बसवल्यावर खोली मधेच दिसते मधेच गायब, रेडिओ म्हणतो पोझिशन नाही, इंजिन मारलं की प्लॉटर बंद होऊन परत सुरू होतो, आणि मोबाईलच्या ॲपवर बोट दिसतच नाही. शेवटचं वाक्य, ‘शिकवलं काही नाही, नुसती घाई केली.’

घाई केली, हे खरंय. पहिला अख्खा दिवस मी पडद्यावर घालवला, वेपॉइंट (नकाशावरची जागेची खूण) कसा टाकायचा, नकाशा लहानमोठा कसा करायचा, अलार्म कसा लावायचा, कारण ते दाखवायला मजा येते आणि समोरचा पण खूष होतो. वायरिंग आलं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, तेव्हा सगळे दमलेले. हे उलटं पाहिजे होतं. पडद्यावरची बटणं माणूस धक्क्याला बोट बांधून बसल्या बसल्या स्वतः शिकतो, सीटखालचं वायरचं जाळं तसं शिकता येत नाही.

दुसरी चूकही माझीच, रेडिओची. तुमचा रेडिओ एनएमईए ०१८३ या, बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या पद्धतीने जीपीएसची माहिती घेतो. त्यात एक बोलणारा असतो आणि बाकीचे ऐकणारे, म्हणून प्लॉटरच्या बोलायच्या वायरी रेडिओच्या ऐकायच्या वायरींना जोडायच्या. तुमचा वायरिंगचा फोटो बघितला तर बोलायच्या वायरी बोलायच्या वायरींना जोडल्यात, म्हणजे दोघंही बोलतायत आणि ऐकतंय कोणीच नाही. का झालं असं? कारण मी दिलेल्या कागदावर वायरींचे रंग लिहिले होते आणि ते एकाच कंपनीचे होते, तुमचा रेडिओ दुसऱ्या कंपनीचा. या पद्धतीत रंगांचा काही नेम नसतो, दर कंपनीचा वेगळा. तो कागद मी फाडून टाकलाय. नवीन कागदावर रंग नाहीत, फक्त ‘बोलणारा प्लस, ऐकणारा प्लस’ असं आहे, रंग ज्याने त्याने आपल्या मॅन्युअलमध्ये बघून पेनाने भरायचे. आणि प्लॉटरच्या त्या पोर्टचा माहिती पाठवायचा स्पीड ४८०० च ठेवा, एआयएसच्या नादात ३८४०० झाला असेल तर वायरी बरोबर असूनही रेडिओ मुकाच राहील. हे काम आधी करा सर, बाकी सगळं नंतर. तो लाल बटणवाला डिस्ट्रेस कॉल चॅनल ७० वर जातो, पोझिशन नसली तरी जातोच, पण मग ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की कोणीतरी अडचणीत आहे, कुठे ते कळत नाही. (आणि कृपा करून चेक करायला म्हणून ते बटण दाबू नका, हसू नका, दाबणारे भेटलेत मला. रेडिओच्या मेनूत टेस्ट कॉल असेल तर तो वापरा.)

आता टोपणं.

ती रिकामी नाहीत सर. त्यांना टर्मिनेटर म्हणतात आणि प्रत्येकाच्या पोटात १२० ओहमचा एक रेझिस्टर असतो. एनएमईए २००० ची, म्हणजे त्याच कामाच्या नव्या पद्धतीची, जी मुख्य लाईन आपण टी (तीन तोंडांचे जोड) जोडून जोडून बनवली, तिच्या दोन्ही टोकांना एकेक लागतो, कमी पण नाही आणि जास्त पण नाही. टोक उघडं राहिलं की सिग्नल तिथे आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये घुसतो. गंमत म्हणजे लाईन छोटी असेल तर एका टर्मिनेटरवर पण चालल्यासारखं वाटतं, दिवसभर चालतं, मग खोलीचा आकडा जातो, परत येतो, आणि माणूस ट्रान्सड्यूसरला शिव्या घालत बसतो. तुमच्या फोटोत एका टोकाला टर्मिनेटर आहे आणि दुसऱ्या टोकाला जे काळं दिसतंय ते नुसतं धूळ जाऊ नये म्हणून येतं ते प्लास्टिकचं झाकण आहे. म्हणजे रिकामं टोपण खरंच आहे बोटीवर, फक्त ते आम्ही विकलेलं नाही :) दुसरा टर्मिनेटर बहुतेक खोक्यात पिशवीत तसाच असेल, बघा.

बघायची पद्धत तुमच्यासमोर टेबलावर केली होती, परत सांगतो. नेटवर्कची पॉवर बंद करायची, एका मोकळ्या टी मधे ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, म्हणजे पांढऱ्या आणि निळ्या वायरच्या, मल्टिमीटर ओहमवर लावायचा. ६० च्या आसपास आलं तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आलं तर एक गायब. ४० आलं तर कोणीतरी हौसेने तिसरा लावलाय. इतकं सोपं निदान त्या अख्ख्या बोटीत दुसऱ्या कशाचं नसेल. तसंच मुख्य लाईनपासून एखाद्या यंत्राकडे जाणारी वायर ६ मीटरच्या वर नको, तुमची तेवढी नाहीये, तरी पुढे काही वाढवाल तेव्हा लक्षात असू द्या.

प्लॉटर रिस्टार्ट होतो त्यात प्लॉटर खराब नाही. स्टार्टर फिरताना बॅटरी एकदम खाली बसते, बारीक किंवा लांब वायर असेल तर प्लॉटरपर्यंत पोचेपर्यंत अजून व्होल्ट कमी होतात आणि तो बिचारा मान टाकतो. एकाला इंजिन मारायला सांगा आणि तुम्ही प्लॉटरच्या मागच्या प्लगवर मीटर धरा, त्याच क्षणी किती व्होल्ट उरतात ते दिसेल. वायरची जाडी ठरवताना जायचं आणि यायचं दोन्ही अंतर धरायचं, बॅटरी ४ मीटर लांब असेल तर हिशोब ८ मीटरचा. १२ व्होल्टला ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट, त्याच्या वर घट होऊ नये असं आम्ही धरतो. खरा इलाज इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी, ते मी तेव्हाही म्हणालो होतो आणि तुम्ही म्हणालात नंतर बघू.

एआयएसचं मात्र मी मान्य करणार नाही. नऊ आकडी एमएमएसआय (बोटीचा रेडिओवरचा ओळख नंबर) तुम्ही मोठ्याने वाचला, मी टाईप केला, परत उलट तपासला, कारण तो बहुतेक यंत्रांत एकदाच टाकता येतो आणि चुकला तर यंत्र कंपनीकडे पाठवावं लागतं. तुमच्यासमोर शेजारच्या बोटीच्या प्लॉटरवर तुमची बोट उमटली होती. मोबाईलचं ॲप थेट तुमच्या बोटीचं ऐकत नाही, किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी अँटेनाने ऐकलेलं इंटरनेटवरून दाखवतं. तुमचं एआयएस २ वॅटचं, अँटेना छोट्या बोटीवर म्हणजे खालीच, मधे एखादी टेकडी आली की संपलं. शिवाय बोटीचा वेग २ नॉटच्या खाली असेल तर दर ३ मिनिटांनी एकदा पोझिशन जाते, आणि बोटीचं नाव ६ मिनिटांनी एकदा. ॲपवर नाही दिसली म्हणजे जवळून जाणाऱ्या जहाजाला दिसत नाही असं नाही. तसंच उलटंही, ॲपवर दिसते म्हणून जहाजावरचा माणूस पडद्याकडे बघत असेलच असंही नाही.

राहिलं ‘काम आमच्याकडूनच करून घेतलं’. हो, घेतलं, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडून पण घेणार. माझ्या पहिल्या बोटीवर मी सगळं वायरिंग दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, मस्त दिसायचं. एका रात्री सगळे पडदे एकदम काळे झाले. पॅनेल उघडलं तर मागे एकसारख्या काळ्या वायरींचा गुच्छा, एकीवरही चिठ्ठी नाही, टॉर्च दातात धरलेला, बोट डोलतेय, आणि कुठली वायर कशाची ते मला माहीत नाही कारण ती मी कधी हातात धरलीच नव्हती. पाऊण तासाने सापडलं, फ्यूजच्या होल्डरमध्ये हिरवा गंज चढला होता, बोटाने चोळला आणि सगळं परत चालू. पाऊण तास, त्या एवढ्याशा हिरव्या डागासाठी. तोवर होकायंत्रावर आणि अंदाजावर बोट चालवली. तुम्हाला प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायला लावली तेव्हा तुम्ही वैतागलात, मला दिसत होतं.

वायरिंगचा दिवस मी तुम्हाला परत देतो, पूर्ण दिवस, त्याचे काही द्यायचे नाहीत, आणि यावेळी वर्कशॉपमध्ये नाही तर तुमच्याच बोटीवर. येताना रेडिओचं मॅन्युअल काढून ठेवा. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हो, आमचा पिवळा मल्टिमीटर त्या दिवशी चुकून तुमच्या पिशवीत गेलाय. घाई नाही, ६० दिसेपर्यंत राहू द्या तुमच्याकडेच.