‘चिल्ड्रन ऑफ मेन’ला समीक्षक इतका मान का देतात

अल्फोन्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकांचा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ सप्टेंबर २००६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. चित्रपटगृहांत त्याचे काही चालले नाही. सुमारे ७.६ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाचे जगभरातले तिकीटविक्रीचे उत्पन्न तेवढेही भरले नाही आणि ऑस्करची तीन नामांकने मिळूनही हाती एकही पुरस्कार आला नाही. असे असूनही बीबीसीने २०१६ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा कौल घेऊन एकविसाव्या शतकातील सर्वोत्तम शंभर चित्रपटांची यादी केली, तेव्हा तो तेराव्या क्रमांकावर होता. हा मान कशासाठी, असे विचारले की बहुतेकांचे बोट त्यातल्या लांबच लांब, मध्ये कुठेही कट न जाणवणाऱ्या प्रसंगांकडे जाते. ते प्रसंग थोर आहेत यात शंका नाही. पण केवळ कसरत म्हणून पाहिलेली गोष्ट इतकी वर्षे मनात टिकत नाही. माझ्या मते या चित्रपटाचे खरे मोठेपण असे, की तो आपल्याला काहीही समजावून सांगत नाही आणि जे सांगायचे ते नायकाच्या पाठीमागे ठेवून देतो.

काळ २०२७ सालचा, स्थळ ब्रिटन. गेल्या अठरा वर्षांत पृथ्वीवर एकही मूल जन्मलेले नाही. अशा कथेत एखादा शास्त्रज्ञ येऊन विषाणू, किरणोत्सर्ग, प्रदूषण असे काहीतरी कारण सांगणार, याची आपल्याला सवय झालेली असते. इथे कारण शेवटपर्यंत कळत नाही. मायकेल केन यांनी रंगवलेला म्हातारा जॅस्पर त्यावर फक्त एक विनोद सांगतो: मोठमोठे तज्ज्ञ मेजवानीत बसून वंध्यत्वाच्या कारणांवर वाद घालत असतात आणि कोपऱ्यातला एक इंग्रज शांतपणे जेवत असतो. त्याचे मत विचारल्यावर तो म्हणतो, मला काही कल्पना नाही, पण हा करकोचा मात्र चविष्ट आहे. बाळे करकोचा आणून देतो, ही युरोपातील मुलांना सांगितली जाणारी कथा. एवढ्यावर कारणांचा विषय संपतो आणि मुले नसलेल्या जगात माणसे एकमेकांशी कशी वागू लागतात, हा प्रश्न उरतो. पटकथा लिहिताना कारण सांगण्याचा मोह टाळणे किती कठीण असते, हे ज्यांनी या प्रकारचे चित्रपट भरपूर पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. लंडनमधल्या एका कॉफीच्या दुकानात माणसे मान वर करून टीव्हीकडे पाहत उभी आहेत, कारण जगातला वयाने सर्वांत लहान माणूस, अठरा वर्षांचा दिएगो, मारला गेल्याची बातमी चालू आहे. क्लाइव्ह ओवेन यांनी रंगवलेला नायक थिओ त्या गर्दीतून वाट काढत कॉफी घेतो, बाहेर पडतो, कठड्यापाशी थांबून कपात थोडी दारू ओततो आणि त्याच क्षणी मागच्या दुकानात स्फोट होतो. धुरातून एक बाई आपलाच तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून बाहेर येते. या सगळ्यात कॅमेऱ्याने थिओच्या चेहऱ्याची फारशी विचारपूस केलेली नाही, आणि पुढेही हीच पद्धत कायम राहते. तो रेल्वे स्थानकातून चालत जातो तेव्हा फलाटावरच्या पिंजऱ्यांत कोंडलेले निर्वासित आपल्याला दिसतात; तो त्यांच्याकडे पाहतही नाही. कधीकधी तर कॅमेरा त्याला सोडून त्या माणसांकडे वळतो आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याला गाठतो. नायकाला जे बघायचे नाही ते प्रेक्षकाने बघावे, अशी ही मांडणी आहे. ब्रिटिश चित्रपट अकादमीने (बाफ्टा) छायालेखनाबरोबर कला दिग्दर्शनालाही पुरस्कार दिला, तो मला म्हणूनच फार योग्य वाटतो.

या चित्रपटाने भविष्य आधीच ओळखले होते, असे कौतुक हल्ली वारंवार वाचायला मिळते. मला ते पटत नाही. बेक्सहिलच्या छावणीत निर्वासितांची बस शिरते तेव्हा खिडकीबाहेर तोंड झाकणारी टोपी डोक्यावर चढवून, हात पसरून उभा केलेला कैदी दिसतो. इराकमधल्या अबू घ्रैबच्या तुरुंगातली तशीच छायाचित्रे २००४ मध्ये साऱ्या जगाने पाहिली होती. लंडनमधले ७ जुलै २००५ चे बॉम्बस्फोट होऊन सव्वा वर्षही झाले नव्हते, तोच हा चित्रपट तिथल्या पडद्यावर आला. त्यातले प्रत्येक भय त्या वर्षांच्या बातम्यांत होते. क्वारोन यांनी ते उचलून लंडनच्या ओळखीच्या रस्त्यांवर आणून ठेवले.

आता त्या लांब प्रसंगांविषयी. मोटारीतल्या प्रसंगात पाच माणसे बसली आहेत. थिओ आणि त्याची पूर्वीची पत्नी ज्युलियन (ज्युलियान मूर) टेबल टेनिसचा चेंडू फुंकून एकमेकांच्या तोंडात झेलण्याचा जुना खेळ खेळत हसत आहेत. मग जंगलातून एक जळती गाडी घरंगळत येऊन रस्ता अडवते, जमाव धावून येतो आणि मोटारसायकलवरून आलेली गोळी ज्युलियनला लागते. छायालेखक एमॅन्युएल लुबेझ्की यांच्यासाठी गाडीचे छप्पर काढून वर खास यंत्रणा बसवली होती. कॅमेरा आत सगळीकडे फिरू शकत असे आणि नट आसनांसह मागे झुकून त्याला वाट देत. प्रत्यक्षात काही तुकडे संगणकावर जोडलेले आहेत, पण सांधा दिसत नाही. मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रसंगाचा शेवट. पाठलाग करून गाडी थांबवणाऱ्या पोलिसांना गोळ्या घातल्यावर कॅमेरा गाडीतून उतरतो. गाडी निघून जाते आणि आपण रस्त्यावर, त्या मृतदेहांपाशी उभे राहतो. पळून सुटल्याचा दिलासा प्रेक्षकाला मिळू नये, याची ही काळजी आहे.

बेक्सहिलच्या लढाईत रक्ताचे थेंब कॅमेऱ्याच्या काचेवर उडतात. क्वारोन यांनी ‘कट’ म्हणून ओरडून सांगितले होते, पण स्फोटाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाही आणि चित्रीकरण चालू राहिले. त्यानंतर थिओ आणि नुकतीच प्रसूत झालेली ‘की’ नावाची निर्वासित मुलगी बाळाला घेऊन इमारतीच्या जिन्यावरून खाली येतात. रडणे कानी पडताच सैनिक बंदुका खाली करतात, कुणी छातीवर क्रूस काढतो, वाट मोकळी होते. काही क्षण जातात, दूर कुठेतरी स्फोट होतो आणि गोळीबार पूर्ववत सुरू होतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे युद्ध थांबवले असते. हा चित्रपट माणसांना तेवढे श्रेय देत नाही, पण ते काही क्षण खरे नव्हते असेही म्हणत नाही.

माझी एक तक्रार आहे. पी. डी. जेम्स यांच्या १९९२ च्या कादंबरीत गर्भवती असते ती ज्युलियन. चित्रपटाने ती जागा कीला, एका आफ्रिकी निर्वासित मुलीला दिली. हा बदल धाडसाचा आणि कथेला बळ देणारा आहे. परंतु कीला स्वतःचे म्हणणे फार थोडे मिळते. तिच्याविषयीचे निर्णय इतर घेतात आणि क्लेअर-होप अ‍ॅशिटी यांच्या अभिनयातला खट्याळपणा संधी मिळेल तिथेच तेवढा चमकतो. समीक्षकांनी याबद्दल अधिक लिहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावा. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी दुसऱ्या खेपेस थिओवरची नजर काढून भिंतींवरचा मजकूर, बसमधल्या पडद्यावरच्या जाहिराती आणि पिंजऱ्यांतले चेहरे तेवढे पाहावेत, आणि काय दिसले ते खाली जरूर लिहावे.