मार्चमध्ये निवृत्त होतेय, घरी बसणार नाही

1966 साली अमेरिकेहून 68 वर्षांची एक नर्स आमच्या विक्रोळीत राहायला आली. लिलियन कार्टर. पीस कॉर्प्सची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी सेवा योजनेची, स्वयंसेविका. आधी कुटुंबनियोजनाचं काम आणि मग गोदरेज कॉलनीच्या दवाखान्यात रुग्णसेवा, अशी जवळपास पावणेदोन वर्षं तिनं इथे काढली. पुढे तिचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून लोकांना ती आठवते. मला तिचं वय आठवतं.

मी महापालिकेच्या रुग्णालयात, प्रसूतिकक्षात सिस्टर इन्चार्ज आहे. मार्चमध्ये 58 पूर्ण होतील. त्यानंतर दोनेक वर्षं आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचं मी ठरवलंय. ह्यांनी ऐकून घेतलं आणि थेट पासपोर्टची मुदत तपासली. नणंद मात्र म्हणाली, "वहिनी, आता तरी आराम करा. कशाची कमी आहे?"

कमी कशाचीच नाही. म्हणूनच तर जाता येतंय. कर्ज फिटलंय, लेक मार्गी लागलीय, पेन्शन सुरू होईल. पंचविशीत इच्छा होती, पण तेव्हा देण्यासारखं काय होतं हातात? आज आहे. एका खाटेवर दोन बाळंतिणी, रक्तपेढीतून पिशवी यायला उशीर आणि डॉक्टर दुसऱ्या टेबलावर अडकलेले, अशा रात्री आम्ही काढल्यात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोन तासांत बाईचा जीव घेतो. तो रोखणारं औषध, ऑक्सिटोसिन, थंड ठेवलं नाही तर त्याचा गुण जातो. मोठी यंत्रं नसतील तिथे कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, कंडोम बांधून, त्यात सलाइन भरून गर्भाशयातला रक्तस्राव थांबवता येतो. ही युक्ती ढाक्याच्या डॉ. सायबा अख्तर यांची, लंडन-न्यूयॉर्कची नव्हे. कमी साधनांत काम कसं करायचं, हे आपल्या भागातल्या लोकांना जास्त कळतं असं माझं ठाम मत आहे.

आणि गरज किती आहे बघा. 2018-20 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते. 2020 च्या अंदाजानुसार दक्षिण सुदानमध्ये हजाराच्या वर.

"मग जव्हार-मोखाड्याला का नाही जात?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. पण आपल्याकडे शिकलेल्या नर्स नोकरीची वाट बघत बसल्यात आणि जागा रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या जागेवर मी फुकट उभी राहिले, तर ती भरण्याची निकड कुणालाच वाटणार नाही. आफ्रिकेतही हाच नियम मी पाळणार. तिथल्या नर्सची खुर्ची घ्यायची नाही, तिच्या शेजारी उभं राहून शिकवायचं आणि परत यायचं. हे जिथे होत नाही, त्या कामाला मी सेवा म्हणणार नाही.

मनात असेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत निर्वाह भत्ता, प्रवास आणि विमा मिळतो. जे उलट आपल्याकडूनच लाखभर रुपये मागतात, त्यांच्यापासून लांब राहा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचीही सोय लावून ठेवा.

1938 साली मुंबईहून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. त्याच पथकात वयानं सर्वांत मोठे होते नागपूरचे डॉ. चोळकर. त्यांचं नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? ते शाळेत शिकवलं गेलं असतं, तर माझ्या नणंदेला आज एवढी काळजी वाटली नसती.

यंदा निवृत्त होणाऱ्या सिस्टर, पाणीखात्यातले अभियंते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, हिशेबातली माणसं, कुणाच्या मनात असेल तर मला मेसेज करा. अर्ज सोबत भरू. आणि कुणी तिकडे राहून आलं असेल, तर पावसाळ्यात रस्ते बंद झाल्यावर औषधं कशी पोचवतात, ते मला आत्ताच सांगा.