लेखकाच्या रकान्यात काय लिहायचं?

नाटक आणि संग्रहालयांत काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सारखा फिरतो. म्हणणं असं: सांस्कृतिक व्यवस्थापन, म्हणजे नाट्यसंस्था आणि संग्रहालयं चालवण्याचं काम, विंगेत उभं राहूनच शिकता येतं, आजच्या मुलांना डिजिटल काही शिकवावं लागत नाही, ऑनलाइन वर्गात बटणं दाखवण्यापलीकडे काही होत नाही, आणि शिकवलेलं सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुनं होतं. मी हाच विषय ऑनलाइन शिकवते, म्हणून गप्प बसवत नाही.

‘मुलांना येतंच.’ रील करता येतं, हे खरं. एका विद्यार्थ्याने आपल्या हौशी नाट्यसंस्थेच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांच्या फायली आणल्या. उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. मजकूर जुन्या फॉन्टमधला, आणि तो फॉन्ट त्याच्याकडे नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, देवनागरी १९९१पासून आहे, पण आपल्याकडे छपाईसाठी जुने फॉन्ट त्यानंतरही कित्येक वर्षं चालले. मजकूर युनिकोडमध्ये आणून, एकेक रफार आणि जोडाक्षर छापील कागदाशी ताडून पाहायला त्याला चार संध्याकाळी लागल्या. आता नटाचं नाव टाकलं की पत्रिका सापडते.

‘ऑनलाइन म्हणजे बटणं.’ हे वाक्य मला सगळ्यात लागतं. आमच्या वर्गात सिंधुदुर्गातली एक मुलगी होती, घरात दशावताराची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची, परंपरा. जत्रेतल्या नाटकांची मोबाइलवर घेतलेली चित्रणं तिच्याकडे होती. सगळे मिळून एकाच शीटमध्ये त्यांची नोंद करत होतो, डब्लिन कोअर या नोंदी करण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या १५ रकान्यांनुसार. शीर्षक झालं, तारीख झाली, ‘कर्ता’ आला आणि सगळे अडले. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. मग कर्ता कोण? कुणीतरी ‘पारंपरिक’ असं लिहिलं. तिने ते लगेच खोडलं. म्हणाली, ‘‘पारंपरिक लिहिलं की माझ्या काकांचं नाव जातं.’’ वर्ग चालू असतानाच तिने काकांना बोलावून शेजारी बसवलं. त्यांनी एकेक नाव सांगितलं, हार्मोनियम आणि पखवाजवाल्यांचंही. शेवटी कर्त्याच्या जागी नाटक मंडळीचं नाव गेलं आणि माणसं ‘सहभागी’मध्ये, प्रत्येकाच्या भूमिकेसह. ती पुण्यात येऊन वर्गात बसली असती, तर काका चारशे किलोमीटरवर राहिले असते.

‘सॉफ्टवेअर जुनं होतं.’ होतंच. म्हणून आमचा निम्मा वेळ हक्क आणि संमतीवर जातो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क टिकतो. गडकरी १९१९मध्ये गेले, त्यांच्या संहिता आता सर्वांना खुल्या आहेत. पु. ल. २०००मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत त्यांच्या नाटकाची क्लिप टाकायची तर आधी परवानगी. तिकिटासाठी दिलेला फोन नंबर जाहिरातीच्या यादीत घालण्याआधी प्रेक्षकाला विचारायचं, कारण २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्याचा गाभाच संमती हा आहे. ॲप बदललं म्हणून यातलं काही बदलत नाही.

राहिली विंग. सेटचा ट्रक घाटात अडकलाय, बाहेर प्रेक्षक जमलेत, अशा वेळी काय करायचं ते पडद्यावर शिकवता येत नाही. तिथे त्या मजकुराशी माझं भांडण नाही, आणि प्रत्येकाने आपल्या गावातल्या संस्थेत काम करावं असा आमचा आग्रह असतो. रेंजची अडचणही खरी आहे. पावसाळ्यात कोकणातली मुलं मध्येच गायब होतात, म्हणून वर्गाचं नुसतं ध्वनिमुद्रण, छोट्या फायलीत, त्याच रात्री पाठवते.

त्या मुलीने आता एक कोरा तक्ता छापून घेतलाय. यंदाच्या जत्रांत नट तोंडाला रंग लावायला बसले की तेव्हाच ती नावं लिहून घेणार आहे.